सव्वा मिलीसेकंद

उद्यमबागेत, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या कुंपणाला लागून
लुमाण्णा चौगुल्यांचं शेड. पाटी दोन लिप्यांत,
दोन्हींतला 'डि' उन्हानं खाल्लेला.

गाडी निपाणीहून घेतलेली, केए तेवीस,
आधीचा मालक तंबाखूचा दलाल.
दाराचं पॅनेल उघडलं तर आतून
मूठभर चुरा सांडला आणि घडी घातलेली एक वजनपावती.
लुमाण्णा दोनदा शिंकले.
"बाई, तुमचा स्पीकर तंबाखू धरून बसलाय तोंडात,
बोलणार कसा?"

मग पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले,
कलिंगड निवडावं तसे.
पोकळ वाजलं तिथं डांबरी शीट, वर रोलर,
पुन्हा टकटक.
"आधी दार गप्प पायजे की ओ.
दारच बोलाय लागलं तर गाणं काय ऐकणार?"

वायरी तपासल्या. डाव्याचा प्लस मायनसला.
कुणी जोडला, कधी, कोण जाणे.
दोन्ही स्पीकर वाजत होते, चांगले खणखणीत,
पण एक पुढं ढकलायचा तेव्हा दुसरा मागं ओढायचा
आणि मधल्या मधे ढोल मरत होता.
अकरा महिने मी नुसता आवाज वाढवत होते.

"कुठल्या सीटला धरू?
चौघांसाठी लावलं तर कुणालाच नीट लागत नाही."
मी म्हटलं, एकटीच असते.
हे मोठ्यानं म्हटल्याचं मला कळलं
ते शिंप्याची गार टेप कानाला टेकल्यावर.
त्यांनी फक्त आकडे लिहिले, खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
उजवा अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर, डावा एकशे बत्तीस.
"जवळचा आधी पोचतोय. त्याला थांबवायचा जरा,
लांबच्याला येऊ द्यायचं."
किती थांबवायचा?
"सव्वा मिलीसेकंद."
तेवढ्यात काय होतं?
"काय नाही. पण कान रुसतोय."

मग शर्र आवाज लावला, सगळे सूर एकत्र ओतलेला,
शहापुरात तापल्या वाळूत चिरमुरे फुटताना येतो तसा,
आणि शेडमागं हाक मारली, "शिवक्का!"
शेजारच्या टर्नरची पोरगी, सातवीतली,
विज्ञानाच्या वहीत बोट अडकवून आली,
चप्पल काढून माझ्या सीटवर बसली, डोळे मिटले.
लुमाण्णा लॅपटॉपवरची रेघ उचलू लागले
आणि बघू लागले तिच्या तोंडाकडं.

"बावीस वर्षं फाउंड्रीत होतो. ग्राइंडरवर."
हे मला, पण मान न वळवता.
"वरचं सगळं गेलंय. भजनात टाळ हलताना दिसतात, तेवढंच."

"इन्नू स्वल्प," पोरगी म्हणाली. रेघ वर.
"भाळ आत." रेघ खाली.
मग माशी हाकलावी तसा हात नाकापुढून नेत
"साकु."
त्या साकुवर त्यांनी बोट उचललं
आणि एकदम दमल्यासारखे टायरवर बसले.
पोरीनं पैसे मागितले नाहीत,
प्रकाशाचा वेग तेवढा विचारला, उद्या परीक्षा म्हणून.

येताना रेल्वेचं गेट पडलेलं.
गाडी चालूच ठेवली, साडी सावरत गिअरवरून पाय टाकला
आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.
तिथून गाणारी बाई एका अंगाला कललेली,
भिंतीपलीकडच्या घरात कुणी बोलावं तशी.
इथं कुणी बसलंच, तर त्याला हे असं ऐकू येणार.
मालगाडी लोंढ्याकडं गेली, डबे मोजायचे राहिले.
मागच्या टेंपोनं हॉर्न दिला.

माझ्या जागेवरून ती बाई काचेत मधोमध उभी होती,
श्वास घेते तेही कळत होतं.
देसूरच्या पुढं, साठच्या वेगाला,
डाव्या दारात काहीतरी बारीक किणकिणलं,
सुटं, बहुधा दलालाचंच,
उभ्या गाडीत शिवक्कालाही न सापडलेलं.
परत फिरायला जागा होती.
फिरले नाही.